आधी गाव, मग घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणसाच्या पूर्ण परिचयाची आहे. घर उभे करताना माणसाच्या संयमाचा आणि शिलकीचा किती कस लागतो, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तीत साठवलेला आहे. ग्रामीण फ्रान्समध्ये स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांच्या बाबतीत मात्र या म्हणीस थोडी पुरवणी जोडावी लागते. तेथे घर बांधण्याची वेळ क्वचितच येते. शे-दीडशे वर्षांची भक्कम दगडी घरे विक्रीसाठी उभीच असतात. खरा प्रश्न असतो तो ते घर कोणत्या गावात घ्यावे, हा. घराचे छप्पर बदलता येते, भिंतींना नवा गिलावा करता येतो. परंतु गावाचे हवामान, दवाखाना, रेल्वे स्थानक आणि शेजार या गोष्टी घरासोबत जशा येतात तशाच स्वीकाराव्या लागतात.

फ्रेंच खेड्याचे आकर्षण नवे नाही. पीटर मेल या इंग्रज लेखकाचे प्रोव्हान्समधील पहिल्या वर्षाची हकीकत सांगणारे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दगडी घर, द्राक्षमळे व उन्हात पहुडलेले गाव हे चित्र जगभरच्या वाचकांच्या मनात ठसले. भारतीयांच्या बाबतीत या आकर्षणाला आता एक कौटुंबिक कारणही लाभले आहे. विमाननिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या तुलूझमध्ये, तसेच पॅरिस, ल्याँ, ग्रनोब्ल या शहरांत भारतीय अभियंते व संशोधक काम करतात. त्यांतील काहींना शहराबाहेर राहावेसे वाटते. काहींच्या आईवडिलांना निवृत्तीनंतर मुलांच्या जवळ, पण महानगराच्या गजबजाटापासून दूर राहण्याची ओढ असते.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. इंदूरचे एक मराठी दांपत्य आहे. पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, वय एकसष्ट, पत्नी शिक्षिका. एकुलती एक कन्या तुलूझमध्ये नोकरीस असून तिने तेथेच संसार थाटला आहे. इंदूरचा एक भूखंड विकून आलेली रक्कम आणि भविष्यनिर्वाह निधी मिळून फ्रान्समध्ये लहानसे घर होऊ शकेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत : क्रोझ जिल्ह्यातील अत्यंत स्वस्त असे ऐसपैस दगडी घर, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, आरिएज जिल्ह्यातील देखणे डोंगरी घर, आणि तार्न जिल्ह्यातील गायाक या लहान गावातील अगदी साधे, चारचौघांसारखे घर. यांतील एकाची निवड म्हणजे आयुष्यभराच्या शिलकीची निवड आहे. ती चुकली तर पुन्हा उभारण्यास वयही उरलेले नाही आणि पैसाही.

पस्तीस हजार कम्यूनांचा देश

फ्रान्सचा युरोपातील भूभाग ९६ जिल्ह्यांत विभागलेला आहे. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये या जिल्ह्यांची आखणी झाली. त्याखाली सुमारे ३५ हजार ‘कम्यून’ येतात. कम्यून म्हणजे स्थानिक स्वराज्याचे सर्वांत लहान एकक. प्रत्येक कम्यूनला, ते कितीही लहान असो, स्वतःचा मेयर आणि कचेरी असते. निम्म्याहून अधिक कम्यूनांची लोकवस्ती पाचशेच्या आत आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने २०२० मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येनुसार देशातील ८८ टक्के कम्यून ग्रामीण ठरतात. मात्र त्यांत लोकसंख्येचा केवळ एक तृतीयांश भाग राहतो.

ही वस्ती सर्वत्र सारखी नाही. ईशान्येकडील मझ जिल्ह्यापासून नैऋत्येकडील लांद जिल्ह्यापर्यंत विरळ वस्तीचा एक तिरपा पट्टा पसरलेला असून फ्रेंच भूगोलतज्ज्ञ त्यास ‘रिक्ततेचा कर्ण’ असे नाव देतात. क्रोझ जिल्हा याच पट्ट्यात येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे पावणेतीन लाखांहून अधिक माणसे राहत होती. तेथील गवंडी दरवर्षी पॅरिसमध्ये बांधकामासाठी जात आणि हिवाळ्यात घरी परतत. पुढे अनेकांचे परतणे थांबले. आज जिल्ह्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्याही आत आहे. तेथील घरे देशातील सर्वांत स्वस्त घरांत मोडतात, त्याचे कारण घरांच्या दर्जात नसून या आकड्यांत आहे. माणसे गेली की शाळेचा वर्ग बंद होतो, मग दुकान, मग बसची फेरी. घर स्वस्त का आहे, हा प्रश्न म्हणूनच सर्वप्रथम विचारावयास हवा. कित्येकदा त्याचे उत्तर घरात नव्हे, गावात सापडते.

उन्हाळ्यातील चित्र, हिवाळ्यातील वास्तव

परदेशी ग्राहक घरे पाहावयास बहुधा मे ते सप्टेंबर या काळात जातो. त्या दिवसांत संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो आणि फ्रान्समधील बहुतेक सर्व गावे मोहक दिसतात. खरी परीक्षा जानेवारीत होते.

पश्चिमेकडील ब्रिटनीत अटलांटिक महासागरामुळे थंडी सौम्य असते. मात्र ढगाळ आकाश आणि वारंवार पडणारी रिमझिम यांची तयारी ठेवावी लागते. मध्यभागातील मासिफ सांत्राल या पठारी प्रदेशात उंचीमुळे हिवाळा कडक असतो. पूर्वेकडील आल्सास प्रांतात हिवाळा थंड आणि उन्हाळा उष्ण असतो. भूमध्य सागराकाठी ऊन विपुल मिळते. परंतु ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून वाहणारा ‘मिस्त्राल’ हा थंड, कोरडा वारा दिवसेंदिवस घोंगावत राहतो.

बदलत्या हवामानाचाही आता विचार करणे प्राप्त आहे. पिरेने-ओरियांताल जिल्ह्याने २०२२ पासून सलग काही वर्षे तीव्र अवर्षण सोसले. ऑगस्ट २०२५ मध्ये ओद जिल्ह्यातील वणव्याने सुमारे १६ हजार हेक्टर क्षेत्र व्यापले. वणव्याचा धोका असलेल्या भागांत वनालगतच्या घरमालकाने घराभोवतीच्या ५० मीटर परिसरातील झुडपे साफ ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. शासनाच्या ‘जिओरिस्क’ या संकेतस्थळावर कोणत्याही पत्त्याचा पूर, वणवा व चिकणमातीची जमीन आक्रसून भिंतींना तडे जाण्याचा धोका विनामूल्य पाहता येतो. घर पाहण्यापूर्वी हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात. न पाहिल्यास पुढील अनेक वर्षे खर्ची पडू शकतात.

आरिएजमधील डोंगरी घराची शोभा खरोखर अवर्णनीय असेल. परंतु उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या डोंगरउतारावर हिवाळ्यात ऊन किती तास पोहोचते आणि बर्फ पडल्यावर रस्ता किती वेळात मोकळा होतो, याची चौकशी त्या घराच्या खिडकीतून करता येत नाही. ती गावातील वृद्धांकडेच करावी लागते.

सुंदर गाव आणि चालते गाव

‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ या नावाची एक संघटना १९८२ मध्ये कोरेझ जिल्ह्यातील कोलाँज-ला-रूज येथे स्थापन झाली. या मानाच्या यादीत दीडशेहून अधिक गावे आहेत. पर्यटकाने ती अवश्य पाहावीत. मात्र वास्तव्यासाठी निवड करताना सुंदर गाव आणि चालते गाव यांतील भेद ओळखणे इष्ट ठरते. ऑगस्टमध्ये माणसांनी फुललेली कित्येक गावे नोव्हेंबरात जवळजवळ निर्जन होतात. कारण तेथील बरीच घरे सुटीपुरती उघडणारी असतात.

चालत्या गावाची लक्षणे साधी आहेत. बेकरी बाराही महिने उघडी असते. लांबुळक्या ‘बागेत’ पावाच्या कारागिरीस युनेस्कोने २०२२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. परंतु ग्रामीण फ्रान्समध्ये या पावाचे महत्त्व वारशापेक्षा अधिक आहे. सकाळी बेकरीत जाणे म्हणजे चार माणसांना भेटणे होय. जेथे बेकरी उरलेली नाही, तेथे नवागतास शेजाऱ्यांशी ओळख होण्याची पहिली जागाच नाहीशी झालेली असते. बेकरीखेरीज प्राथमिक शाळा, औषधालय, टपाल कचेरी आणि आठवड्याचा बाजार या चार गोष्टी पाहाव्यात. निवृत्त दांपत्यास शाळेचे काय काम, असे वाटेल. पण शाळा चालू आहे याचा अर्थ गावात तरुण कुटुंबे टिकून आहेत आणि तरुण कुटुंबे आहेत म्हणून दुकाने व डॉक्टर टिकण्याची आशा आहे. शासनाने २०२० पासून सुरू केलेली ‘फ्रान्स सेवा’ केंद्रेही उपयुक्त ठरतात. कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, टपाल इत्यादी विषयांची कामे तेथे एकाच छताखाली होतात. ते केंद्र किती अंतरावर आहे, हेही टिपून ठेवावे.

शेजाराचाही विचार हवा. शांततेच्या शोधात खेड्यात आलेल्यांनी कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध न्यायालयात जाण्याचे प्रसंग फ्रान्समध्ये घडले आहेत. ओलेराँ बेटावरील मोरीस नावाच्या कोंबड्याच्या बाजूने २०१९ मध्ये निकाल लागला आणि जानेवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागातील आवाज व गंध यांना वारशाचा दर्जा देणारा कायदाच संमत झाला. गाव स्वीकारावयाचे तर त्याच्या चर्चमधील घंटा, ट्रॅक्टर आणि शेणखत यांसह स्वीकारावे, असा या कायद्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

डॉक्टर आणि वाहनपरवाना

ग्रामीण फ्रान्सची सर्वांत गंभीर अडचण वैद्यकीय आहे. डॉक्टर निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येत नाहीत. अशा भागांना तेथे ‘वैद्यकीय वाळवंट’ असेच म्हणतात. फ्रान्सच्या सार्वजनिक आरोग्य विम्यात प्रत्येक प्रौढ व्यक्तीने स्वतःचा एक नियमित डॉक्टर नोंदवावा, अशी अपेक्षा असते. सर्वसाधारण डॉक्टरांचे तपासणी शुल्क डिसेंबर २०२४ पासून ३० युरो आहे. नियमित डॉक्टरांकडे गेल्यास ७० टक्के दराने परतावा मिळतो. तसा डॉक्टर नोंदवलेला नसल्यास तो दर ३० टक्क्यांवर येतो. म्हणून घरासाठी बोलणी करण्यापूर्वी परिसरातील दवाखान्यांत दूरध्वनी करून ‘नवे रुग्ण घेता काय?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर नकारार्थी आल्यास शेजारच्या गावी विचारावे. तेथेही नकार मिळाल्यास तो परिसर साठीच्या पुढील माणसासाठी नाही, असे समजावे. जवळच्या रुग्णालयातील तातडीचा विभाग किती मिनिटांवर आहे, हेही मोजावे.

दुसरी गोष्ट भारतीयांच्या सहसा लक्षात येत नाही. फ्रान्समध्ये वास्तव्य सुरू झाल्यानंतर भारतीय वाहनपरवान्यावर केवळ एक वर्ष वाहन चालवता येते. त्यानंतर फ्रेंच परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी तेथील लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. एकसष्टाव्या वर्षी परभाषेत परीक्षा देणे अशक्य नाही. पण संपूर्ण जीवन त्या परीक्षेच्या निकालावर टांगलेले ठेवणे शहाणपणाचे नाही. ज्या खेड्यात मोटारीवाचून पावही आणता येत नाही, तेथे परवाना नसलेला माणूस घरातच अडकून पडतो. शिवाय आज सहज जमणारे रात्रीचे वाहन चालवणे पंचाहत्तरीत जमेलच असे नाही. म्हणून चालत जाण्याच्या अंतरावर काय आहे आणि रेल्वे स्थानक किती दूर आहे, हे दोन प्रश्न वयाबरोबर महत्त्वाचे होत जातात.

तुलूझच्या परिसरापुरते पाहिले तर ओश, आल्बी, फ्वा आणि काओर ही चारही जिल्हा-ठिकाणे रेल्वेने तुलूझशी जोडलेली आहेत. गायाक हे आल्बीकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावर आहे. क्रोझमधील स्वस्त घर मात्र तुलूझपासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर पडते. ज्या कन्येसाठी देश सोडावयाचा, तिच्याकडे जाण्यास अर्धा दिवस मोडणार असेल, तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय, याचा विचार त्या दांपत्यास करावाच लागेल.

स्वस्त घराचा पुढचा खर्च

घराची जाहिरातीतील किंमत ही केवळ सुरुवात असते. जुन्या घराच्या खरेदीत मुद्रांक व नोंदणीचे कर आणि नोटरीचे मानधन मिळून किमतीच्या साधारण ७ ते ८ टक्के रक्कम अधिक लागते. दीड लाख युरोंच्या घरावर हा खर्च साडेदहा ते बारा हजार युरोंपर्यंत जातो आणि घर विकताना तो परत मिळत नाही. गाव चुकले म्हणून दोन वर्षांत दुसरीकडे जावे लागल्यास हाच खर्च पुन्हा सोसावा लागतो. गावाची निवड हा आर्थिक निर्णय आहे तो याच कारणाने.

त्यानंतर ऊर्जेची श्रेणी पाहावी. फ्रान्समध्ये प्रत्येक घरास ‘ए’पासून ‘जी’पर्यंत ऊर्जा-श्रेणी दिली जाते. ‘जी’ श्रेणीची घरे जानेवारी २०२५ पासून नव्याने भाड्याने देण्यास मनाई असून ‘एफ’ श्रेणीस २०२८ पासून व ‘ई’ श्रेणीस २०३४ पासून हीच अट लागू होणार आहे. स्वतः राहणाऱ्यास ही बंदी नाही. परंतु अशा घराचे हिवाळ्यातील उष्णतेचे देयक आणि पुढील विक्रीची अडचण त्याच्याच वाट्यास येते.

खेड्यात सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नसल्यास घरास स्वतःची मलटाकी असते. विक्रीच्या वेळी तिचा तपासणी-अहवाल द्यावा लागतो. टाकी सदोष असल्यास खरेदीनंतर वर्षभरात ती नियमाप्रमाणे करून घेणे नव्या मालकावर बंधनकारक असते. संरक्षित वास्तूच्या ५०० मीटर परिसरात घर असेल तर खिडकीचा रंग बदलण्यासही शासनाच्या वास्तुविशारदाची संमती लागू शकते. इंटरनेटची खात्रीही करावी. कारण तांब्याच्या तारांचे जुने जाळे २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि फायबर अद्याप न पोहोचलेल्या घराने पुढे काय करावयाचे, हे आधीच विचारलेले बरे. इंदूरच्या नातलगांशी रोज बोलण्याचा तोच एक मार्ग असतो.

खरेदीची प्रक्रिया मात्र सुरक्षित आहे. फ्रान्समधील नोटरी हा शासननियुक्त अधिकारी असून अंतिम खरेदीखत त्याच्यासमोरच होते. खरेदीदार स्वतःचा वेगळा नोटरी नेमू शकतो आणि त्यामुळे खर्च वाढत नाही. मानधन दोघा नोटरींत विभागले जाते. प्राथमिक करारानंतर खरेदीदारास दहा दिवसांच्या आत, कोणतेही कारण न देता, माघार घेता येते. फ्रेंच वारसाहक्क कायद्यात अपत्यांचा वाटा राखीव असतो. त्यामुळे मृत्युपत्राविषयी नोटरीशी आधीच बोलून घ्यावे.

परवाना, भाषा आणि पैसा

फ्रान्समध्ये घर विकत घेतल्याने तेथे राहण्याचा अधिकार मिळत नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा नसलेल्या घरमालकास कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. निवृत्त व्यक्तीसाठी अभ्यागत वर्गाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा उपलब्ध आहे. त्यासाठी स्वतःच्या उत्पन्नाचा व आरोग्य विम्याचा पुरावा द्यावा लागतो, आगमनानंतर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो आणि त्यावर नोकरी-व्यवसाय करता येत नाही. दोन खोल्या पर्यटकांना देऊन खर्च भागवू, असा बेत या व्हिसावर आखणे धोक्याचे आहे. दहा वर्षांच्या निवासपत्रासाठी जानेवारी २०२६ पासून फ्रेंच भाषेची ‘बी-१’ पातळी आवश्यक झाली आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींना या अटीतून सूट आहे. सूट असली तरी भाषा टाळता येत नाही. खेड्यातील डॉक्टर, नळजोडणी करणारा कारागीर आणि मेयरच्या कचेरीतील लिपिक फ्रेंचमध्येच बोलतात.

पैशाच्या बाबतीत ग्राहकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि परदेशातील घरखरेदी या योजनेत बसते. एका वर्षात १० लाख रुपयांपुढील अशा रकमेवर २० टक्के दराने स्रोतावर कर गोळा केला जातो. तो विवरणपत्रात वजा करून मागता येतो. तरीही तेवढी रक्कम काही महिने अडकून राहते, हे गृहीत धरूनच व्यवहाराची तारीख ठरवावी. अनिवासी झाल्यावर भारतातील साधे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात रूपांतरित करून घ्यावे लागते. त्या खात्यातून कर भरल्यानंतर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते. फ्रान्सचा करनिवासी झालेल्या व्यक्तीने भारतातील प्रत्येक बँक खाते तेथील वार्षिक विवरणपत्रात जाहीर करणे बंधनकारक आहे. न केल्यास दंड होतो. दुहेरी करआकारणी टाळण्यासाठी भारत व फ्रान्स यांच्यात १९९२ मध्ये करार झालेला आहे. आपले निवृत्तिवेतन व व्याज त्यात कोठे बसते, हे करसल्लागाराकडून समजून घ्यावे.

विनिमय दराचा विचार तर अटळ आहे. २००५ च्या सुमारास एका युरोसाठी पंचावन्न रुपयांच्या आसपास मोजावे लागत; २०२५ मध्ये युरोने शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. उत्पन्न रुपयांत आणि खर्च युरोंत असलेल्या कुटुंबाने आजच्या दराने जेमतेम परवडणारे घर घेऊ नये. घरखरेदीनंतरही किमान दोन वर्षांचा खर्च हाताशी राहावा, हा सुरक्षित नियम होय.

एक वर्ष भाड्याने

वरील सर्व प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात असे नाही. त्यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पसंतीच्या परिसरात एक वर्ष भाड्याने राहणे. सामानासह मिळणाऱ्या घराचा भाडेकरार साधारणतः एक वर्षाचा असतो आणि भाडेकरूस एका महिन्याची सूचना देऊन तो संपवता येतो. या एका वर्षात चारही ऋतू पाहून होतात, वाहनपरवान्याची परीक्षा देता येते, डॉक्टर मिळतो की नाही हे कळते आणि बाजारातील भाजीवाली ओळखीने हसू लागते. भाड्यापोटी गेलेली रक्कम वाया गेली असे काहींना वाटते. वास्तविक, चुकीच्या घराच्या नोंदणीखर्चाच्या तुलनेत ती बहुधा कमीच असते.

इंदूरच्या त्या कल्पित दांपत्याकडे पुन्हा वळू. तीनही घरांची छायाचित्रे समोर ठेवली तर क्रोझचे घर सर्वांत प्रशस्त आहे आणि आरिएजचे सर्वांत देखणे. गायाकच्या घराला ना बाग मोठी, ना दृश्य. परंतु तेथून बेकरी, औषधालय व स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर आहे, आल्बीचे रुग्णालय फार दूर नाही आणि कन्येकडे जाण्यास आगगाडी आहे. दोघांपैकी एकजण उद्या एकटा राहिला तरी त्या घरात त्याचे दैनंदिन जीवन चालू राहू शकेल. ‘आपल्यापैकी कोणी एकटे राहिले तर?’ हा प्रश्न घर पाहताना उच्चारणे कठीण जाते. पण वृद्धत्वाकडे झुकलेल्या दांपत्याने तो परस्परांस विचारलाच पाहिजे. गाव निवडण्याची याहून चांगली कसोटी नाही.

अर्थात, प्रत्येकाचे उत्तर गायाकसारखेच असेल असे नाही. चाळिशीतील, फ्रेंच भाषा अवगत असलेल्या, घरून काम करणाऱ्या कुटुंबास क्रोझमधील मोठे घर व मोकळी जागा हीच योग्य निवड ठरू शकते. पर्वतात रमणाऱ्यास आरिएजच मानवेल. एकाच गावाबद्दल दोन कुटुंबांचे उत्तर वेगळे असणे स्वाभाविक आहे; प्रश्न मात्र सर्वांनी तेच विचारावेत आणि ते सही करण्यापूर्वी विचारावेत. गाव पाहावे हिवाळ्यात, मोजावे पायी चालून आणि समजून घ्यावे तेथे राहून. त्यानंतर निवडलेले घर लहान असले तरी ते आपले वाटावयास फार काळ लागत नाही.